जागच्या जागी

लेसरचा ठोका, सेकंदाला पाच.
खिडकीच्या काचेआड जांभळी शेपटी उठते,
विझते. उठते, विझते.
गार्नेटच्या वडीवरून सुटलेली वाफ
समोरच्या नखाएवढ्या तुकड्यावर जाऊन बसते,
थरावर थर.
बावीस वर्षं मी हेच राखत आले:
पंप, झडपा, रबरी कडी, ऑक्सिजनची नळी.
शोधनिबंधाच्या शेवटी जिथं आभार मानतात
तिथं माझं नाव असतं, बांग ह्यो-सुक.
दोनदा चुकीचं छापलं.

ग्यू-रिम नवी. जागरणानं डोळे ओढलेले.
म्हणते, ताई, ह्या थरातून वीज जात नाही.
मग काय जातं?
फिरकी.
इलेक्ट्रॉन आपापल्या घरात बसून
नुसती गिरकी शेजाऱ्याच्या हवाली करतो,
शेजारी पुढच्याच्या.
कुणी पळत नाही, कुणी कुणावर आदळत नाही,
म्हणून वाटेत फारसं काही तापतही नाही.
मी म्हटलं, माझीच फिरकी घेतेस होय?
ती हसली नाही.
अकरावा नमुना वाया गेला होता.

डिसेंबरातला शनिवार.
देजॉनच्या पूर्वेला टेकडीवर एक गल्ली आहे,
अशी उभी, अशी चिंचोळी, की हातगाडी वळत नाही.
दर हिवाळ्यात आम्ही तिथं पायरीपायरीवर उभे राहतो
आणि योंतान वर जातात,
बावीस भोकांच्या कोळशाच्या विटा,
एकेक साडेतीन किलोची.
डावीकडून घ्यायची, कमरेतून वळायचं,
उजवीकडे द्यायची. परत वळायचं.
तीनशे विटा.
माझ्या पायाखाली बर्फात दोनच ठसे,
आणि वर नाम आजोबांच्या पडवीत
काळी भिंत कमरेपर्यंत आलेली.

ग्यू-रिम माझ्या वरच्या पायरीवर.
दोनशेव्या विटेच्या सुमारास थांबली,
हातमोजे काळे, गालावर एक बोट उमटलेलं.
ताई, म्हणाली, हेच.
काय हेच?
खालचा ओरडला, अहो घ्या की, हात भरून आले!

विटा फुटल्या त्या एकाच ठिकाणी:
पडवीला लागून असलेली शेवटची पायरी ढासळलेली,
तिथं हाताला हात पोचत नव्हता.
बाकी गल्लीभर एकही नाही.
ती त्या खळग्याकडे इतका वेळ पाहत राहिली
की आजोबांना वाटलं, पोरीला चक्कर येतेय.
बार्लीचा चहा आणला त्यांनी, साखर घालून.

सोमवारी तिनं थराला बोलणं लावलं नाही,
त्याच्या वरच्या तोंडाला लावलं.
गार्नेट संपतं नि प्लॅटिनम सुरू होतं तो उंबरठा
मळलेला होता, म्हणाली, मधे हवा शिरत होती.
मी कोठी न उघडता दुसरी वडी फिरवून दिली.
एवढंच माझं काम. जुनी खिट्टी अडकते,
ती कुठं दाबायची ते मला ठाऊक आहे.

खालून ऊब दिली, वरून गारवा.
मीटरवर आकडा आला.
चिमणीनं पंख झटकावा तेवढा.
तिनं चुंबक उलटा केला
आणि आकड्यापुढे वजा चिन्ह उभं राहिलं.
आम्ही दोघी गप्प.
मग तिनं पुन्हा उलटा केला, पुन्हा, पुन्हा,
लहान पोर बटण दाबतं तसा.

ह्यावर दिवा लागेल? मी विचारलं.
दिवा नाही ताई. पण यंत्राला काही लक्षात ठेवायचं
तर चिमूटभर विजेत भागेल, कधीतरी.
कधीतरी.
पलीकडे आमचे पंप घुमत होते,
त्या सबंध गल्लीला महिनाभर पुरेल एवढी वीज
एका रात्रीत पीत.
मी ते बोलले नाही. तिलाही ते ऐकू येत होतं.

मंगळवारी रबरी कडी पुन्हा गळली.

रात्री झोपेत माझी कंबर वळली.
डावीकडून काहीतरी हातात आलं, जड, उबदार.
उजवीकडे कोण उभं होतं ते दिसलं नाही.
मी दिलं.